आकडा, नकाशा आणि निर्णय : पूर व वणवा यांच्या संदर्भात निर्णयसाहाय्य साधनांचा विचार

पूर आणि वणवा ही दोन संकटे वरवर पाहता अगदी विरुद्ध टोकांची आहेत. पूर उताराने वाहतो, वणवा चढाने धावतो. पुराला अतिवृष्टी लागते, वणव्याला पावसाने दिलेली ओढ पुरते. तथापि भूगोलाच्या अभ्यासकाला या दोहोंत एक महत्त्वाचे साम्य दिसते. भूकंप सूचना न देता येतो. पूर आणि वणवा मात्र माणसाला थोडा अवधी देतात. हा अवधी कधी चार दिवसांचा असतो, कधी चार तासांचा. त्या अवधीत कोणी, काय आणि कशाच्या आधारे ठरवायचे, या प्रश्नावर कित्येक घरांचे आणि जीवांचे भवितव्य अवलंबून असते.

हा अवधी नीट वापरता यावा म्हणून गेल्या काही दशकांत जगभर एक नवे शास्त्र आकाराला आले आहे. पाऊस, नदीची पातळी, धरणातील साठा, वारा, गवताचा कोरडेपणा, उपग्रहाने टिपलेली उष्णता अशी नाना प्रकारची माहिती एकत्र करून, तिच्यावर गणित करून, ती नकाशाच्या रूपाने आंतरजालावर मांडणारी संकेतस्थळे आज उपलब्ध आहेत. त्यांना 'निर्णयसाहाय्य साधने' असे म्हणता येईल. ही साधने कशी चालतात, कोठे उपयोगी पडतात आणि कोठे तोकडी पडतात, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. माझे प्रतिपादन थोडक्यात असे : या साधनांतील मोजणी आणि गणित पुष्कळ सुधारले आहे, परंतु यंत्रातील आकडा माणसाच्या उंबरठ्यापर्यंत पोचविण्याचे काम अजून अपुरे आहे, आणि ते काम केवळ विज्ञानशाखेचे नाही.

१. ठरविणारे यंत्र आणि सुचविणारे यंत्र

'निर्णयसाहाय्य' या शब्दातील 'साहाय्य' हा भाग महत्त्वाचा आहे. यंत्राने स्वतः निर्णय घेणे ही वेगळी गोष्ट आणि निर्णय घेणाऱ्याला मदत करणे ही वेगळी गोष्ट. हा फरक स्पष्ट करण्यास कोल्हापूर जिल्ह्यातीलच उदाहरण पुरे आहे.

राजर्षी शाहू महाराजांच्या दूरदृष्टीतून उभे राहिलेले भोगावती नदीवरील राधानगरी धरण त्याच्या सात स्वयंचलित दरवाजांसाठी प्रसिद्ध आहे. जलाशय ठराविक पातळीस पोचला की पाण्याच्या दाबाने हे दरवाजे आपोआप उघडतात. प्रत्येक दरवाजातून १,४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला १,४२८ घनफूट पाणी बाहेर पडते. पावसाळ्यात 'राधानगरीचा तिसरा दरवाजा उघडला' ही बातमी कोल्हापुरात घरोघरी चर्चिली जाते, ती याचमुळे. हे दरवाजे म्हणजे स्थापत्यशास्त्राचा सुंदर नमुना होय. परंतु दरवाजा उघडताना त्याने खाली पंचगंगा किती फुटांवर आहे, हे विचारलेले नसते. धरणाची सुरक्षितता हाच एक नियम त्याला ठाऊक असतो आणि तो नियम तो चोख पाळतो.

याउलट कोयना धरणाच्या वक्र दरवाजांचे आहे. ते केव्हा आणि किती उघडायचे हे माणूस ठरवितो. कोयनेची साठवणक्षमता १०५.२५ टीएमसी आहे. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी. येथे एक साधे गणित मांडून पाहण्यासारखे आहे. दिवसाचे सेकंद होतात ८६,४००. म्हणजे ५० हजार क्युसेकने चोवीस तास विसर्ग केला तर ४.३२ टीएमसी पाणी जाते. धरणात येणारे पाणी क्षणभर विसरून गेलो, तरी २० टीएमसी जागा रिकामी करण्यास साडेचार दिवसांहून अधिक काळ लागेल. विसर्ग दुप्पट करून लाखावर नेला तर हा काळ निम्मा होतो, पण मग खालच्या गावांना धरणानेच पूर आणल्यासारखे होते. तात्पर्य, मोठ्या पावसाला जागा करून द्यावयाची असेल तर तो पाऊस पडण्यापूर्वी चार-पाच दिवस निर्णय घ्यावा लागतो; म्हणजेच आकाश कोरडे असताना दरवाजे उघडावे लागतात.

आणि समजा, पाऊस आलाच नाही तर? पोफळीच्या वीजगृहाला आणि खालच्या शेतीला वर्षभर पुरवावयाचे पाणी वाहून गेलेले असते. त्या अभियंत्याला दोन्हीकडून बोल लागतो. दरवाजा उघडला नाही तर पूर आणला म्हणून, उघडला तर दुष्काळ आणला म्हणून. निर्णयसाहाय्य साधनाची खरी गरज कोठे आहे हे यावरून ध्यानात यावे.

२. पावसाच्या थेंबापासून नकाशापर्यंत

अशा साधनाचे काम चार पायऱ्यांनी चालते. पहिली पायरी मोजणीची. भारतात नदीच्या पुराचे शास्त्रीय पूर्वानुमान १९५८ साली दिल्लीजवळ यमुनेवर सुरू झाले. आज केंद्रीय जल आयोग देशभरातील प्रमुख नद्यांवर हे काम करतो. महाराष्ट्रात कृष्णा व भीमा खोऱ्यांसाठी जागतिक बँकेच्या साहाय्याने झालेल्या जलविज्ञान प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात स्वयंचलित केंद्रांचे जाळे उभारण्यात आले. पर्जन्यमापक आणि पातळीमापक यंत्रांतील नोंदी माणसाची वाट न पाहता संगणकापर्यंत पोचतात.

दुसरी पायरी अनुमानाची. पडलेल्या पावसापैकी किती जमिनीत मुरेल, किती ओढ्यांतून नदीला मिळेल आणि तो लोंढा कोणत्या गावी किती तासांनी पोचेल, याचे गणित येथे होते. तिसरी पायरी नकाशाची. नदीची पातळी अमुक झाली तर पाणी कोणत्या भागात किती पसरेल, हे जमिनीच्या उंचसखलपणावरून काढले जाते. केंद्रीय जल आयोगाच्या सहकार्याने गूगल कंपनीने २०१८ साली पाटणा परिसरात अशा नकाशांचा आरंभ केला, आणि तिच्या संकेतस्थळावर आज अनेक देशांतील नद्यांचे अंदाज पाहता येतात. केंद्रीय जल आयोगानेही ऑगस्ट २०२३ मध्ये 'फ्लडवॉच इंडिया' हे भ्रमणध्वनीवर चालणारे साधन सर्वांसाठी खुले केले.

चौथी पायरी सल्ल्याची : आता काय करावे? पहिल्या तीन पायऱ्यांवर यंत्राचे राज्य आहे. चौथ्या पायरीवर माणूस, भाषा, पैसा आणि विश्वास या गोष्टी येतात. पुढील विवेचन मुख्यतः या चौथ्या पायरीसंबंधी आहे.

३. पुलावरचे फूट आणि घराचा उंबरठा

सांगलीचा आयर्विन पूल १९२९ साली वाहतुकीला खुला झाला. आज त्याचे नाव पुलापेक्षाही मोजपट्टी म्हणून अधिक घेतले जाते. येथे कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट मानली जाते. कोल्हापुरात पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याजवळ हेच आकडे अनुक्रमे ३९ आणि ४३ फूट आहेत. पावसाळ्यात या भागातील लहान मुलालाही हे आकडे पाठ असतात.

असे का व्हावे? कारण या फुटांना स्थानिक अर्थ आहे. 'आयर्विनला इतके फूट' म्हणताच सांगलीकर सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर येथील रहिवाशांचा विचार करू लागतो. कोल्हापुरात 'पाणी जामदार क्लबपर्यंत आले' या एका वाक्यात जितकी माहिती असते तितकी पानभर तक्त्यात नसते. नृसिंहवाडीला तर याहून जुनी आणि अधिक सुंदर मोजपट्टी आहे. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरील दत्तमंदिरात पुराचे पाणी उत्तरेच्या दरवाजाने आत येते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेच्या दरवाजाने बाहेर पडते. हाच दक्षिणद्वार सोहळा. भाविक त्या पाण्यात स्नान करतात. पण त्याच वेळी पंचक्रोशीतील शेतकऱ्याला नदी कोठवर आली आहे आणि आपल्या शिवाराला किती वेळ उरला आहे, याचाही अंदाज येतो. श्रद्धा आणि जलमापन येथे एकाच पायरीवर उभे आहेत.

आता याच नदीवर शिरोळ तालुक्यात अर्जुनवाड येथे केंद्रीय जल आयोगाचे केंद्र आहे. तेथील पातळी समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये सांगितली जाते आणि धोक्याची पातळी सुमारे ५४३ मीटर आहे. शास्त्रदृष्ट्या ही पद्धत अधिक निर्दोष आहे, कारण तिच्यामुळे महाबळेश्वरापासून बंगालच्या उपसागरापर्यंत एकाच मापाने नदी मोजता येते. पण ५४३ मीटर या आकड्याने गोठ्यात उभ्या असलेल्या माणसाला काय कळावे? त्याच्या दृष्टीने प्रश्न एकच असतो : पाणी माझ्या दारात येणार की नाही, आणि येणार तर केव्हा? जे साधन या प्रश्नाचे उत्तर देते ते निर्णयाला साहाय्य करते. बाकीची साधने माहिती पुरवितात एवढेच म्हणता येईल.

स्थानिक मोजपट्टीलाही एक मर्यादा आहे आणि ती नजरेआड करून चालणार नाही. तिची स्मृती मागच्या मोठ्या पुरापर्यंतच जाते. २००५ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५३ फुटांच्या वर गेले होते. त्यानंतर '२००५ ला आमच्या पायरीला पाणी लागले नव्हते' हे वाक्य अनेक घरांत सुरक्षिततेचे प्रमाणपत्र ठरले. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. राजाराम बंधाऱ्यावर त्याच वर्षी पातळी ५५ फुटांच्या पुढे गेली आणि जुलै २०२१ मध्ये तीही मागे पडली. मागच्या पुराची खूण ही पुढच्या पुराची सीमा नव्हे, हा धडा या खोऱ्याला फार महागात मिळाला.

४. ग्रँड फोर्क्सचा धडा

आकडा अचूक वाटणे हाही कसा धोका असतो, याचे उत्तम उदाहरण अमेरिकेतील ग्रँड फोर्क्स या शहराचे आहे. उत्तर डकोटा राज्यातील हे शहर रेड नदीच्या काठी वसले आहे. ही नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते; त्यामुळे वसंत ऋतूत उगमाकडील बर्फ आधी वितळते आणि उत्तरेचे पात्र अजून गोठलेले असते. १९९७ च्या हिवाळ्यात तेथे विक्रमी हिमवृष्टी झाली. फेब्रुवारी महिन्यातच राष्ट्रीय हवामान सेवेने पूर्वानुमान दिले की नदी ४९ फुटांपर्यंत चढेल.

नगरवासीयांनी हा अंदाज अत्यंत गांभीर्याने घेतला. हजारो लोकांनी वाळूची पोती भरली, ४९ फुटांवर थोडी भर धरून बांध उंच केले. एप्रिलमध्ये नदी ५४ फुटांच्या वर गेली. बांध फुटले, सुमारे ५० हजार वस्तीचे जवळजवळ सारे शहर रिकामे करावे लागले आणि पाण्यात उभ्या असलेल्या बाजारपेठेला आग लागून ११ इमारती जळाल्या. पूर आणि आग एकाच वेळी एकाच रस्त्यावर आली.

येथे अंदाज दोन महिने आधी मिळाला होता. लोक बेफिकीर नव्हते. साधन होते, सूचना होती, श्रमही होते. उणीव एकच होती : ४९ हा आकडा एकटा सांगितला गेला. त्याच्या आजूबाजूची अनिश्चितता आकड्याबरोबर लोकांपर्यंत पोचली नाही. अशा अंदाजांत यापूर्वी काही फुटांचा फरक पडत आला होता. 'बहुधा ४९, पण ५४ ही अशक्य नाही' असे सांगितले असते तर बांधांची उंची आणि सामान हलविण्याचा विचार दोन्ही निराळे झाले असते, असे नंतरच्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. पुढे अमेरिकेत एकाच आकड्याऐवजी निरनिराळ्या पातळ्यांची संभाव्यता देण्याकडे कल वाढला.

युरोपातील मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाजाचे केंद्र आज एकाच दिवसाचे गणित थोड्या थोड्या फरकाने ५१ वेळा करून पाहते. ५१ पैकी ४० उत्तरांत पूर दिसला तर एक अर्थ, पाचांत दिसला तर दुसरा अर्थ. २००२ साली एल्ब व डॅन्यूब नद्यांना आलेल्या महापुरानंतर युरोपात उभारलेली पूरसूचना व्यवस्था याच पद्धतीवर आधारलेली आहे. यंत्राने आपले अज्ञान प्रामाणिकपणे सांगावे, ही यामागील भूमिका होय.

५. वणव्याचे वेगळेपण

नदीला पात्र असते, म्हणून पुराची वाट बरीचशी ठाऊक असते. वणव्याला पात्र नसते. त्याची वाट वारा, चढ आणि जळण या तीन गोष्टी ठरवितात. ऑस्ट्रेलियातील वनशास्त्रज्ञ मॅकआर्थर यांनी घालून दिलेल्या ठोकताळ्यानुसार चढ दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग सुमारे दुप्पट होतो. त्यांनीच १९६० च्या दशकात वणव्याच्या धोक्याचा निर्देशांक तयार केला. त्यात १०० हा आकडा १३ जानेवारी १९३९ च्या, इतिहासात 'काळा शुक्रवार' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, अग्निप्रलयाच्या दिवसाशी जोडलेला होता. १०० म्हणजे वाईटाची परिसीमा, असा समज त्यातून रूढ झाला.

७ फेब्रुवारी २००९ रोजी, 'काळा शनिवार' या दिवशी, व्हिक्टोरिया राज्यात हा निर्देशांक अनेक ठिकाणी शंभराच्या पलीकडे गेला आणि १७३ माणसे मृत्युमुखी पडली. सायंकाळी वाऱ्याची दिशा बदलली आणि आगीची लांबलचक बाजूच तिचे तोंड बनली. किंगलेक, मेरिसव्हिल ही गावे होरपळून निघाली. नेमलेल्या राजचौकशी आयोगापुढे जे आले ते आपल्या विषयाच्या दृष्टीने मननीय आहे. आगीचा पुढील मार्ग दाखविणारे नकाशे तज्ज्ञांनी त्याच दिवशी तयार केले होते. पण सूचना देणाऱ्यांपर्यंत आणि धोक्यातील गावांपर्यंत ते ज्ञान वेळेवर पोचले नाही. ग्रँड फोर्क्समध्ये आकडा पोचला पण अपुरा पोचला. येथे नकाशा होता पण तो टेबलावरच राहिला.

ऑस्ट्रेलियाने यापासून घेतलेला बोध अनुकरणीय आहे. सप्टेंबर २०२२ पासून तेथे देशभर धोक्याच्या चारच पायऱ्या ठेवण्यात आल्या आणि प्रत्येक पायरीला कृतीचे वाक्य जोडण्यात आले. पहिलीचा आशय : योजना करा व तयारी ठेवा. दुसरीचा : कृतीस सज्ज राहा. तिसरीचा : जीवित व मालमत्तेच्या रक्षणासाठी आताच कृती करा. चौथीचा : जगायचे असेल तर हा भाग सोडा. येथे क्रियापद हा सूचनेचा प्राण झाला आहे.

भारतात देहरादून येथील भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहांच्या साहाय्याने वणव्यांची सूचना देते. अलीकडील उपग्रहयंत्र ३७५ मीटरच्या चौकटीत उष्णतेची नोंद करते आणि ती सूचना संबंधित वनकर्मचाऱ्याच्या भ्रमणध्वनीवर जाते. व्यवस्था मोलाची आहे. पण तिच्या मर्यादा समजून घेतल्या पाहिजेत. हा उपग्रह डोक्यावरून ठराविक वेळीच जातो, आणि मधल्या तासांत लागून विझलेली आग त्याला दिसत नाही. त्याहून मोठी गोष्ट ही की, उपग्रह 'कोठे' ते सांगतो, 'का' ते सांगत नाही. गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलात मोहफुले वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटविला जातो. तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणूनही आग लावली जाते. सह्याद्रीच्या माळांवर पुढच्या वर्षी गवत चांगले यावे या समजुतीने काडी लावली जाते. ज्याचे पोट मोहावर आहे त्याला नुसता नकाशा दाखवून काय उपयोग? मोहाखाली जाळी बांधून फुले गोळा करण्याचा पर्याय त्याच्या हाती द्यावा लागतो. जाळरेषा वेळेवर काढणे आणि हा पर्याय पुरविणे, या दोन गोष्टी झाल्या तर उपग्रहाला सांगण्याजोगे फारसे काही उरणार नाही.

६. एकच रंग, तीन अर्थ

या लेखाच्या निमित्ताने मी निरनिराळ्या शासकीय यंत्रणांच्या सूचना शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. त्यातून एक गोष्ट लक्षात आली, ती वाचकांपुढे ठेवावीशी वाटते.

भारतीय हवामान विभागाच्या पद्धतीत नारिंगी रंगाचा अर्थ 'तयार राहा' आणि तांबड्याचा अर्थ 'कृती करा' असा आहे. हे रंग पुढे होऊ घातलेल्या हवामानाविषयी बोलतात. केंद्रीय जल आयोगाच्या पद्धतीत पिवळा म्हणजे नदी इशारा पातळी ओलांडून धोका पातळीच्या खाली. नारिंगी म्हणजे धोका पातळी ओलांडलेली. तांबडा म्हणजे आजवरच्या सर्वोच्च पातळीला टेकलेली किंवा तिच्याही वर गेलेली. म्हणजे एका नकाशावरील नारिंगी 'तयारी करा' सांगतो, तर दुसऱ्यावरील नारिंगी 'पाणी धोक्याच्या वर आहे' असे सांगतो. यात भर म्हणून महाराष्ट्रात नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा आखली जाते. निळी रेषा सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, तर लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. हा लाल रंग तर आजउद्याच्या पुराविषयी काहीच सांगत नाही. तो बांधकामासाठी आहे.

प्रत्येक यंत्रणेची पद्धत आपापल्या जागी सुसंगत आहे. घोटाळा होतो तो वाचणाऱ्याच्या मनात. एकाच सकाळी एकाच भ्रमणध्वनीवर तीन रंग तीन अर्थांनी आले, तर सामान्य माणूस अखेर शेजाऱ्याला विचारतो आणि शेजारी करील ते करतो. आपल्या साहित्याच्या वर्गात शब्दाचा अर्थ संदर्भाने ठरतो असे आपण शिकतो. रंगालाही तोच नियम लागू आहे, आणि त्याची किंमत येथे गुणांत नव्हे, जीवांत मोजली जाते.

७. संभाव्यतेचा हिशेब

अंदाजात संभाव्यता सांगितली तर लोकांना ती कळणार नाही, असा आक्षेप वारंवार घेतला जातो. मला तो मान्य नाही. शेतकरी जन्मभर संभाव्यतेवरच पेरणी करीत आला आहे. फक्त हिशेब त्याच्या भाषेत मांडला पाहिजे.

समजा, नदीकाठच्या एका कुटुंबाकडे दोन म्हशी आहेत. त्यांची किंमत दीड लाख रुपये. त्या टेम्पोने उंचावरील नातेवाइकांकडे नेण्याचा व वैरणीचा खर्च तीन हजार रुपये. पूर येण्याची शक्यता किती असेल तेव्हा म्हशी हलवाव्यात? तीन हजाराला दीड लाखाने भागले की दोन टक्के हे उत्तर येते. शक्यता दोन टक्क्यांहून अधिक असेल तर म्हशी हलविणे हिशेबी आहे. याचा दुसरा अर्थ असा की, पन्नास वेळा हलविल्यापैकी एकोणपन्नास वेळा पूर आला नाही, तरी त्या फेऱ्या वाया गेल्या असे म्हणता येत नाही.

पण हाच हिशेब दुसऱ्या घरी निराळा होतो. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला दोन दिवस घर सोडणे म्हणजे दोन दिवसांची चूल बंद ठेवणे. तीन हजार रुपये हातात नसतील तर दोन टक्क्यांचे गणित बरोबर असूनही निरुपयोगी ठरते. तिला 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आठवते ती आळसामुळे नव्हे, तर प्रत्येक चुकलेल्या सूचनेचा खर्च तिच्या पदरी पडतो म्हणून. तेव्हा निवारा, वैरण आणि बुडालेली मजुरी यांची सोय हाही निर्णयसाहाय्याचाच भाग समजला पाहिजे. ती सोय असेल तरच सूचना ऐकणे परवडते.

८. साधनाची सीमा

साधन कितीही चांगले असले तरी काही गोष्टी त्याच्या आवाक्याबाहेर राहतात. महापुरात वीज जाते आणि दूरसंचार मनोरे बंद पडतात. नेमक्या गरजेच्या वेळी संकेतस्थळ उघडत नाही. नदी दोन राज्यांतून वाहते, पण माहिती सीमेवर अडू शकते. अलमट्टीच्या फुगवट्याचा वाद येथे सोडवावयाचा नाही. मात्र कोयनेचा विसर्ग आणि अलमट्टीची पातळी एकाच पानावर, एकाच वेळी, दोन्ही राज्यांतील लोकांना दिसली तर अफवांना पुष्कळ आळा बसेल एवढे निश्चित.

आणि शेवटी नाव लागते. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना नेणारी बोट उलटली आणि बारांहून अधिक जणांना प्राण गमवावे लागले. पाणी चढत आहे हे त्या दिवशी कोणाला ठाऊक नव्हते असे नाही. गावाचा रस्ता बुडण्यापूर्वी माणसे पायी बाहेर पडली असती तर नावेची गरजच पडली नसती. म्हणून निर्णयाची वेळ पुराच्या शिखरावरून नव्हे, तर रस्ता बुडण्याच्या वेळेवरून मोजली पाहिजे. कोणत्या पातळीला कोणता पूल आणि कोणता रस्ता बंद होतो, हे प्रत्येक गावाला आगाऊ माहीत असणे हा माझ्या दृष्टीने या साऱ्या शास्त्राचा गाभा आहे.

समारोप

वरील विवेचनावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. एक, आकडा एकटा सांगू नये. त्याची अनिश्चितता त्याच्याबरोबर सांगावी. दोन, सूचना स्थानिक खुणांच्या भाषेत असावी आणि तिच्यात करावयाच्या कृतीचे क्रियापद असावे. तीन, मागचा सर्वांत मोठा पूर वा वणवा ही मर्यादा समजू नये. चार, सूचना पाळण्याचा खर्च ज्याला झेपत नाही त्याची सोय आधी करावी.

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने यात काय करावे, असा प्रश्न कोणी विचारील. माझी सूचना साधी आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरासाठी आपण दरवर्षी एखाद्या गावी जातो. नदीकाठचे गाव निवडून तेथे एक वही तयार करावी. भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुराच्या खुणा घराघरांवर शोधून त्यांची उंची मोजावी आणि जवळच्या सरकारी मोजपट्टीच्या फुटांशी त्यांचा मेळ घालावा. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी कोणत्या घरात वृद्ध, आजारी वा गरोदर स्त्री आहे आणि कोणाकडे जनावरे हलविण्यास वाहन नाही, याची गावाच्या संमतीने यादी करावी. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हलविण्याच्या खर्चाचा हिशेब मांडावा. मराठीच्या विद्यार्थ्यांनी प्रत्येक पातळीसाठी एकेक वाक्य लिहावे. असे वाक्य की जे पोलीस पाटलाला ध्वनिक्षेपकावरून एका दमात सांगता येईल आणि आजीला एकदाच ऐकून कळेल. ती वही ग्रामपंचायतीत ठेवावी आणि दरवर्षी मे महिन्यात पुन्हा तपासावी. डोंगराकडील गावात हेच काम जाळरेषा, पाणवठे आणि गवताच्या गंजी यांच्या नोंदींनी करता येईल.

उपग्रह, संगणक आणि आंतरजाल यांनी दिलेला आकडा त्या वहीत येऊन पडला की त्याला पत्ता मिळेल. आयर्विन पुलाला ४० फूट म्हणजे अमुक गल्लीने आज संध्याकाळपर्यंत निघायचे, असे गावाने स्वतः लिहिलेले असेल. तेवढ्या एका ओळीसाठी हे सारे शास्त्र आहे.